चौकड्यांच्या शर्टातला इसम

त्या इसमाचा एखादा फोटो मिळाला तर बरं होईल, असं प्रणित म्हणाला तेव्हा शिवा कडूच्या हातातलं बटर चहात अर्धं बुडालेलं होतं. ते बाहेर काढायचं त्याला सुचलं नाही. बुडालेला अर्धा भाग सावकाश सुटला आणि कपाच्या तळाशी गेला, आणि शिवा त्याच्याकडेच पाहत राहिला, कारण त्या क्षणी प्रणितकडे पाहणं सोयीचं नव्हतं. प्रणित हा चौकीतला शिपाई, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा आणि पोलिसाला शोभणार नाही इतका सभ्य. दर सोमवारी सकाळी दहाला तो यायचा, बूट दाराबाहेर काढायचा, सखूबाईला आजी म्हणायचा आणि शिवाने खालच्या मजल्यावरच्या येमेनी भाडेकरूंवर आठवडाभर ठेवलेल्या नजरेची वही पानापानाने फोनवर टिपून न्यायचा. "साहेबांनी दोनदा वाचलं, काका," तो म्हणाला. "बाकीचे घरमालक नुसतं 'सर्व ठीक' लिहितात. तुम्ही एकट्यांनी काहीतरी दिलंत. हा चौकड्यांच्या शर्टातला, डाव्या पायाने लंगडणारा जो इसम आहे ना, त्याच्यावर आता सगळं अडलंय. तो क्लिअर होईपर्यंत खालच्या बाईंचं एक्स्टेन्शन होल्डवर." शिवाने विचारलं, होल्डवर म्हंजे काय. "म्हणजे एकवीस तारखेला व्हिसा संपतो. तोपर्यंत इसम सापडला, त्याची चौकशी झाली, तर राहतील. नाहीतर जातील." एवढं बोलून प्रणितने दुसरं बटर उचललं आणि ते मात्र वेळेवर बाहेर काढलं. शिवाने हिशेब केला. आज बारा तारीख. खालच्या बिल्किसबाईच्या सहा किमोंपैकी चार झाल्या होत्या, पाचवी एकोणीसला आणि सहावी पुढच्या महिन्यात. आणि इसम सापडणं कठीण होतं, कारण तो नव्हताच. तो शिवाने लिहिला होता.

तसा तो शिवाचा जुना माणूस. शिवा बावीस वर्षांचा असताना शेठच्या मिठागरावर राखणदार म्हणून लागला, तेव्हापासूनचा. आज त्या मिठागराच्या जागी धावपट्टी आहे, आणि जिथे त्याची उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचा आणि कोंडायचा बांधातला दरवाजा होता, त्याच्या डोक्यावरून दर काही मिनिटांनी एक विमान पोट खाली करून जातं. पण शिवाच्या मनात तो बांध अजून जसाच्या तसा पडलेला असे, दोन्ही बाजूंना पाणी, एका बाजूचं खाडीचं हलतं आणि दुसऱ्या बाजूचं वाफ्यांतलं निजलेलं, आणि मधून चालणारा एकटा शिवा. मिठागरावर चोरायला काही नव्हतं. ओलं मीठ डोक्यावर घेऊन पळणारा चोर अजून जन्मायचा होता. तरीही राखण होती आणि राखणीची वही होती आणि त्या वहीचे दोन नियम दिवाणजींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. एक, प्रत्येक पाळीला निदान एक ओळ हवीच. ओळ कोरी दिसली की राखणदार झोपला होता असं धरून त्या पाळीचा खाडा मांडला जाईल. दोन, राखणदाराने वहीत स्वतःविषयी काहीही लिहू नये. हा दुसरा नियम शिवाच्या आधीच्या राखणदारामुळे आला होता, ज्याने सलग चार पानं स्वतःचा खोकला आणि सासूचा स्वभाव यांवर खर्च केली होती. आता घडत काही नाही, लिहायचं तर रोज, आणि त्या सगळ्या ओसाडीत हलणारी एकमेव वस्तू जी आपण, तिच्याविषयी लिहायला बंदी. सहाव्या दिवशी शिवाने लिहिलं, 'एक अनोळखी इसम बांधावर दिसला. हटकले. गेला.' लिहून झाल्यावर त्याला एवढं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसला आणि पाण्यातले दोन बगळे उडाले. बगळे उडाले हेही लिहिता आलं असतं, पण ते सुचायला उशीर झाला होता. तोवर इसम आलेला होता.

पुढे एकतीस वर्षं तो येत राहिला. शिवाने त्याला हळूहळू बरंच काही दिलं. आधी चौकड्यांचा शर्ट, कारण नुसता इसम लांबून ओळखू येत नाही. मग डाव्या पायाने किंचित लंगडणं, कारण धडधाकट माणूस हटकल्यावर गेला याच्यावर दिवाणजींचा विश्वास बसेना, तो पळाला का नाही असं ते विचारत. पावसाळ्यात त्याला छत्री दिली. लग्न झाल्यावर सखूबाईला त्याच्याविषयी सांगितलं, आणि ती पहिल्या रात्रीचं सगळं लाजणं विसरून उठून बसली आणि म्हणाली, "मंग त्याचं लगीन झालाय का?" तेव्हापासून शिवा घरी परतला की भाकरी थापता थापता तिचा एक प्रश्न ठरलेला असे, आज आयला का तो. आला असं शिवा म्हणाला की ती म्हणे, बसवायचा ना घटकाभर, उनाचा. शिवाला हे पटायचं, पण वहीत बसवणं शक्य नव्हतं. बसलेला इसम म्हणजे राखणदाराची हयगय. एकदा दिवाणजींनी सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या आणि ते चिंताग्रस्त झाले. हा माणूस सारखा येतो याचा अर्थ काहीतरी शिजतंय, असं त्यांनी शेठना कळवलं, आणि शेठनी धर्मा नावाचा दुसरा राखणदार ठेवला. शिवाला वाटलं, संपलं आता. धर्मा डोळ्यांत तेल घालून पंधरा दिवस बांधावर फिरला आणि सोळाव्या दिवशी त्यालाही इसम दिसला. एवढंच नव्हे, त्याला दाढी आहे असं धर्माने लिहिलं. शिवाला त्याचा मनापासून राग आला. त्याच्या माणसाला दाढी नव्हती. पण धर्माकडे जाऊन हे सांगणार कसं? दोघे राखणदार तेरा वर्षं एकमेकांसमोर तंबाखू मळत बसले, आणि त्या इसमाविषयी एक अक्षर बोलले नाहीत, जसे दोन शेजारी एकाच सावकाराविषयी बोलत नाहीत.

असा हा माणूस मिठागराबरोबर बुडाला असं शिवा धरून चालला होता. जमीन गेली, तिच्या बदल्यात करंजाड्यात भूखंड मिळाला, बिल्डरने त्यावर चार मजले चढवले आणि कडूंच्या वाट्याला तीन फ्लॅट आले. एकात शिवा आणि सखूबाई, एकात मुलगा, आणि पहिल्या मजल्यावरचा मुबारकने भाडेकरू आणून भरला. मुबारक हा पनवेलच्या मोहल्ल्यातला कापडवाला. बावीस वर्षं जेद्द्याला काढून आलेला, त्यामुळे उपचाराला येणाऱ्या अरब मंडळींची हॉस्पिटल, खोली, डाळ-तांदूळ अशी सगळी व्यवस्था त्याच्या दुकानातून चाले. "शिवाभाऊ, शरीफ लोक आहेत," तो म्हणाला होता. "मियाँ मास्तर, बीबी बीमार. आवाज म्हणून येणार नाय." आवाज खरोखरच आला नाही. परदेशी भाडेकरूचा तो चोवीस तासांत भरायचा फॉर्म मुलाने भरला, अदीब आणि बिल्किस अशी दोन नावं दारावर लागली, आणि सखूबाईने पहिल्याच आठवड्यात वाटीभर बोंबलाचं कालवण खाली पाठवलं. वाटी परत आली ती खजुरांनी भरून. मग समुद्रापलीकडे लढाई सुरू झाली. ती काही येमेनची लढाई नव्हती. येमेनच्या शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची होती. पण टीव्हीवर दाखवतात तो नकाशा लहान असतो, त्यावर सगळंच एकमेकांना चिकटून येतं, आणि वरून आदेश आला की त्या किनाऱ्याकडची जी जी माणसं इकडे आहेत त्यांच्यावर जरा लक्ष असू द्या. करंजाड्यात अशी सात कुटुंबं निघाली. सगळ्यांत मिळून तीन माणसांना केस होते, बाकीच्यांचे औषधांनी गेलेले. प्रणितने सातही घरमालकांना एकेक शंभर पानी वही दिली. शिवाने ती हातात घेतली, तिचा पुठ्ठा वाकवून पाहिला, आणि मिठागर गेल्यापासून अठरा वर्षांत पहिल्यांदा आपल्याला कुणीतरी कामावर घेतलं या जाणिवेने त्याच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं. याची पुढे त्याला लाज वाटली, पण ती नंतरची गोष्ट. त्या दिवशी मात्र त्याने पेनात नवी कांडी घातली.

पहिले तीन आठवडे सगळं खरं होतं. 'सकाळी ७. पुरुष दूध आणण्यास गेला.' 'दुपारी ४. स्त्री गॅलरीत बसली. पुरुष तिच्या मागे उभा राहून वाचून दाखवीत होता.' 'संध्याकाळी ६. पुरुषाने तुळशीला पाणी घातले. तुळस आमची आहे.' अशा नोंदी लिहिताना शिवाला समाधान वाटे, आणि ते समाधान कशाचं हे तो तपासत नसे. खाली चमचा पडला तरी वर त्याचे कान उभे राहत. कुणाचं तरी आयुष्य आपल्या पायाखाली चाललंय, त्याला आपण साक्षी आहोत, आपण नसतो तर हे दूध, ही गॅलरी, हे वाचन असंच घडून वाहून गेलं असतं, असं काहीसं त्याला दुपारच्या झोपेच्या काठावर वाटायचं. मग चौथ्या आठवड्यात एक दिवस असा आला की ती दोघं हॉस्पिटलातून आली, दार लावलं, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत काहीच झालं नाही. दूध नाही, गॅलरी नाही, चमचासुद्धा नाही. शिवा वही उघडून बसला. समोर कोरी ओळ. ती ओळ पाहताच त्याच्यासमोर मिठागरावरचा खाडा उठून उभा राहिला आणि त्याचा हात, त्याला न विचारता, लिहू लागला, 'एक अनोळखी इसम आला. चौकड्यांचा शर्ट. डाव्या पायाने किंचित लंगडत होता. अर्धा तास बसला. गेला.' यातलं 'अर्धा तास बसला' एवढंच नवं होतं. इतक्या वर्षांनी आलाय, आता वय झालं असेल, बसू दे, असं शिवाला वाटलं. सखूबाईने कितीदा सांगितलं होतं. मग दीड महिन्यात तो आणखी तीनदा आला, तिन्ही वेळा अशाच मुक्या दिवशी, आणि तिन्ही वेळा अर्धा तास बसला.

प्रणित गेल्यावर शिवाने हे सगळं सखूबाईला सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. सोललेली कोळंबी हातात तशीच धरून ती म्हणाली, "तो? मिठागरावला?" "तोच." "जिता हाय अजून?" तिच्या आवाजात एवढा आनंद होता की शिवाला क्षणभर आपण तिला चांगली बातमी दिली असं वाटलं. मग बाकीचं तिच्या ध्यानात आलं. तिने कोळंबी ताटात ठेवली. "आनि त्याच्यापायी ती बाई जानार? औषध अर्धा टाकून?" शिवाने सोलायला एक कोळंबी उचलली. "उठा," ती म्हणाली. "कोलंबी मी बघतंय. तुमी जाऊन खरा काय ता सांगा त्या पोराला. म्हनावा, मी लबाड हाव." एकतीस वर्षं, दहा-अकरा हजार ओळी, आणि एकदाही चोरी नाही म्हणून शेठने निरोपाच्या दिवशी दिलेला नारळ आणि शाल. ती शाल शिवाने पुढच्या चार निवडणुकांत आणि दोन लग्नांत पांघरली होती. ती खांद्यावर नसताना चालत जाणं त्याला आज जड गेलं.

चौकीत जाऊन त्याने खरं सांगितलं. सरळ सांगितलं, उभं राहून. तो इसम नाय, मी लिवला, जुनी खोड हाय. प्रणितने ते शांतपणे ऐकलं, उठून दार लोटलं, आणि खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "काका, कुणी धमकावलंय का तुम्हाला?" शिवाने पुन्हा सांगितलं, मिठागरापासून. प्रणितने त्याच्यासाठी पाणी मागवलं. "मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण आता तुम्ही एकटे नाही आहात. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी सत्यवती मॅडमनी पण पाहिलंय त्याला. जिन्यात. उंच, दाढीवाला. वॉचमनने दोनदा पाहिलंय." "दाढी?" शिवा ओरडला. "हो, दाढी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेटच्या कॅमेऱ्यात तो एकदाही आलेला नाही. महिन्याभराचं फुटेज पाहिलं. म्हणजे काय? म्हणजे त्याला कॅमेरा कुठे आहे ते माहितीये. साधा माणूस नाही तो." शिवा पाणी प्यायला. पाणी गार होतं आणि प्रणित मायेने पाहत होता. धर्मा गेला त्याला आठ वर्षं झाली, पण या क्षणी तो खोलीत कुठेतरी तंबाखू मळत बसला आहे असं शिवाला स्पष्ट जाणवलं. माणूस नसल्याचं सिद्ध करायला काय लागतं? असल्याचं सिद्ध करायला एक ओळ पुरली होती. शिवाने उभं राहून, शपथेवर, स्वतःच्या अब्रूची शाल काढून समोर ठेवली होती आणि प्रणितने ती परत त्याच्याच खांद्यावर घालून वर पाणी पाजलं होतं.

घरी न जाता तो गाढी नदीचा पूल ओलांडून जुन्या पनवेलात आला. ऊन पाठीवर होतं. पुलावर मध्येच एक विमान खाली आलं आणि त्याची सावली नदीवरून, मग पुलावरून, मग खुद्द शिवावरून सरकत गेली, आणि त्याला वाटलं हे आत्ता उघाडीपाशी टेकेल, तिथे गाळ आहे, चाक रुतेल, कुणीतरी सांगायला हवं. पण सांगणार कुणाला, आणि सांगितलं तर कोण कोण तो गाळ पाहिल्याचं लिहून देईल? मनाच्या या खोडीचं त्याला हसू आलं. बिल्किसबाई त्याने नीट पाहिली होती ती एकदाच, जिन्यात, डोक्यावरचा रुमाल सरकला तेव्हा. लहान मुलासारखं टाळकं. तिने ते झाकलं नाही. उलट त्यावरून स्वतःच हात फिरवून ती हसली होती आणि शिवाच्या टकलाकडे बोट दाखवलं होतं. ही नोंद त्याने वहीत केली नव्हती. का केली नव्हती? ती त्याची स्वतःविषयीची नोंद झाली असती म्हणून? मुबारकच्या दुकानाच्या काचेच्या दारापाशी तो पोचला तेव्हा समोरून कुणीतरी येत होतं. म्हातारा, वाळका, उन्हाने करपलेला. डाव्या पायावर भार न देता पाऊल टाकणारा. अंगात निळ्या-तपकिरी चौकड्यांचा शर्ट. शिवा थबकला. तोही थबकला. एकतीस वर्षं ज्याला हटकलं, हटकलं म्हणजे हटकल्याचं लिहिलं, तो असा समोरासमोर कधीच आला नव्हता, आणि शिवाला पहिला विचार आला तो असा की हा बराच थकला. मग आतून मुबारकने दार उघडलं आणि काचेबरोबर तो म्हाताराही बाजूला सरकला. "शिवाभाऊ! अहो पाय काय लंगडता? गुडघा दाखवला नाय अजून?" शिवाने आपल्या शर्टाची बाही चिमटीत धरून वर केली. "ह्यो शर्ट कुटला?" "आमचाच की. दिवाळीला भाभीने नेला. तुम्हाला दुसरा दाखवला तर म्हणाली, नको, ह्यांना चौकड्याच शोभतात. का, रंग गेला?" "नाय," शिवा म्हणाला. "बसला बराबर." आणि तो दुकानाच्या पायरीवर टेकला, कारण पाय खरोखरच दुखत होता, डावाच, आणि किती वर्षांपासून दुखतोय ते त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणितला त्याने घरीच बोलावून घेतलं. शर्ट तोच घातला होता. प्रणितने बूट काढले आणि तो बसायच्या आत शिवा दारापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून दारापर्यंत चालून दाखवत म्हणाला, "बग. कोन दिसतंय?" प्रणितने पाहिलं. पुन्हा पाहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर फाइल बंद होऊ लागली. "तुम्ही?" "मी. जिन्यानं खाली जातंव, अर्धा तास बसतंव, जिन्यानं वर येतंव. गेटावर कशाला जाईन? कॅमेऱ्यात कसा येईन?" "आणि सत्यवती मॅडमनी जिन्यात पाहिलं ते?" "मनाच बगला त्यांनी. मी र्‍हातो या जिन्यात." "पण दाढी..." "चार दिस केली नसल." प्रणितने वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं. त्याचा खरा प्रश्न इथेच होता आणि तो चांगला प्रश्न होता. "मग काका, 'अनोळखी इसम' का लिहिलंत?" शिवा याच प्रश्नाची वाट पाहत होता, आणि त्याचं उत्तर देताना तो इतका ताठ उभा राहिला की गुडघ्यात कळ आली. "राखनदारानं वहीत सोताविषयी लिवायचा नसतो. नियम हाय. एकतीस वर्सं पाललाय." प्रणितने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "बरोबर आहे. आमच्याकडे पण तसंच आहे. आम्ही स्वतःला 'अंमलदार' लिहितो." त्याला एवढं हायसं वाटलं की त्याने तीन बटरं खाल्ली. एकच राहिलं, तो म्हणाला. उद्या खाली अदीबचा जबाब घेईन, तो हेच बोलला की संपलं. कशाविषयी बोलता तुम्ही दोघं अर्धा तास? शिवाच्या तोंडून निघून गेलं, "मिठाविषयी."

आता खाली जायला हवं होतं. चार महिन्यांत शिवाने या दाराची उघडझाप मोजली होती, पण दारावर हात मारला नव्हता; भाडं मुबारक आणून देई, वाट्या सखूबाई पाठवी. अदीबने दार उघडलं. चष्मा, हातात पुस्तक, अंगात बनियन. शिवाला पाहताच त्याचा चेहरा असा झाला की शिवाला कळलं, याला सगळं माहीत आहे. वही, सोमवार, सगळं. तो बाजूला झाला आणि नर्सांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "आइए. आज अंदर से देखिए." हे तो टोमणा म्हणून बोलला की अगत्य म्हणून, ते शिवाला कळलं नाही, बहुधा दोन्ही. शिवाने बसून, जमिनीकडे पाहत, आपल्या तोडक्या हिंदीत सांगून टाकलं. एक आदमी होता, नव्हता, मी लिहिला, त्यापायी तुमचा कागद अडला, आता तो आदमी मी आहे, उद्या पोलीस विचारेल, म्हणावं मी रोज येतो. अदीबने हे सगळं आत बिल्किसला अरबीत सांगितलं. मध्येच ती हसली. मग बराच वेळ हसली, भिंतीला धरून, आणि अदीब चष्मा पुसू लागला. "मेरे शहर में भी एक आदमी था," तो म्हणाला. "हमारी गली में खड़ा रहता था, लिखता था. सच का आदमी. सर्दी में मेरी माँ उसको चाय भेजती थी. वो चाय का भी लिखता होगा." मग त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पर मैं झूठ नहीं बोलूँगा. पुलिस पूछेगी, रोज आते हैं? मैं मास्टर हूँ." चौकीत खऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, आणि इथे खोटं कुणी घेत नव्हतं. बिल्किस आतून काहीतरी म्हणाली. अदीबने ते ऐकलं आणि शिवाकडे वळून विचारलं, "वही में कितनी बार लिखा है?" "चार." "आधा घंटा, चार बार. दो घंटे." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तो बैठिए. अभी पूरा कर लेते हैं. तारीख वो पूछेंगे तो बोलूँगा, तारीख याद नहीं. वो सच है. बीमारी में किसको याद रहती है." मग शिवा दोन तास बसला. सुरुवातीला अवघड बसला. मग अदीबने विचारलं, पुलिस को क्या बोला, हम क्या बात करते हैं, आणि शिवा म्हणाला, नमक, आणि अदीबने पुस्तक खाली ठेवलं. त्याचे वडील एडनच्या मिठागरावर होते. समुद्राचं पाणी वाफ्यांत चढवायला तिथे पवनचक्क्या होत्या, आणि लहानपणी त्या एकामागोमाग फिरायला लागल्या की वडील घरी उशिरा येणार हे त्याला कळायचं. पवनचक्क्या! शिवाने त्याला भरतीने पाणी फुकट कसं आत घ्यायचं ते सांगितलं, टीपॉयवर चार पेले मांडून, एक पेला उघाडी. मीठ धरलं हे कशावरून कळायचं? शिवा म्हणाला, वासावरून. अदीब म्हणाला, वडील पायाच्या तळव्याने ओळखायचे. दोघांनी एकमेकांच्या पद्धतीवर थोडा अविश्वास दाखवला. बिल्किसने लवंग-वेलची घातलेला लालसर चहा आणून ठेवला आणि ती गॅलरीत तुळशीपाशी बसली, डोकं उघडं टाकून, आणि वरून एक विमान गेलं तेव्हा तिघांनीही बोलणं थांबवून ते जाऊ दिलं.

जबाब झाला. सोळा तारखेला शिक्का बसला, एकोणीसला पाचवी किमो झाली. वही मात्र चालू राहिली, कारण लढाई चालू होती. शिवा आता रोज खाली जातो. नियमानुसार लिहितो, 'तोच इसम आला. अर्धा तास बसला. गेला.' आणि ही ओळ खरी आहे याचं त्याला रोज नव्याने नवल वाटतं, जसं नव्या दातांनी पहिला घास चावताना वाटतं. सखूबाई विचारते, आज गेलता का तो. कधी कधी जिन्यात उतरताना त्याच्या मनात येतं की आपण यांच्याकडे जातो ते वहीसाठी की वही लिहितो ती जाण्यासाठी, आणि वही बंद झाली तर दारावर हात मारताना काय कारण सांगायचं. पण पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत दार उघडलेलं असतं. सहाव्या किमोनंतरच्या रविवारी दुपारी अदीब बिल्किसला वाचून दाखवत होता. शिवाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. भाषा लाटेसारखी येत होती आणि परत जात होती, पंखा फिरत होता, चहा संपला होता. कुठेतरी दोन्हीकडे पाणी होतं. बांधावरून तो इसम आला, लंगडत, छत्री घेऊन, आणि पहिल्यांदाच शिवाने त्याला हटकलं नाही. जरा सरकून जागा दिली. तो बसला. दोघे पाण्याकडे पाहत राहिले. जागा झाला तेव्हा दिवे लागले होते, त्याच्या अंगावर बिल्किसची शाल होती आणि वर सखूबाई जेवायला हाका मारत होती.

सोमवारी प्रणित आला. पानं टिपता टिपता थांबला. "काका, कालची ओळ कोरी आहे." "हाय." "राहिली का लिहायची? आत्ता लिहा, चालतंय. नेहमीचंच टाका." त्याने पेन पुढे केलं. शिवाने बटर चहात बुडवलं, वेळेवर बाहेर काढलं, आणि तोंडात टाकण्यापूर्वी म्हणाला, "झोपलो व्हतो. खाडा मांड."